ट्रॅफिक हेलिकॉप्टरच्या डाव्या सीटवर बसण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत रेडिओ स्टुडिओत काही वर्षं काम केलंत, आता सकाळ-संध्याकाळ हेलिकॉप्टरमधून ट्रॅफिकचे रिपोर्ट द्यायची ऑफर आली आहे. घरचे नको म्हणतात, स्टेशनवाले म्हणतात ‘काही होत नाही’. खरं काय, आणि हे काम रोज करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

मी कमर्शियल हेलिकॉप्टर पायलट. अमेरिकेतच रेडिओ-टीव्हीच्या रिपोर्टरना घेऊन बरीच वर्षं उडालो, मधला काही काळ उडवता उडवता स्वतःच रिपोर्टही दिले. त्यामुळे हे उत्तर पायलटच्या सीटवरून येतंय हे धरून वाचा. स्टुडिओतल्या माणसाला यातलं काही काही अतिरेकी वाटेल.

काम घ्या, पण अटी घालून घ्या. घरच्यांची भीती निराधार नाही. ‘काही होत नाही’ म्हणणाऱ्यांना या धंद्याचा इतिहास ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून ते सांगत नाहीत. माझं स्वतःचं मत असं की हेलिकॉप्टर हे यंत्र जितकं धोक्याचं आहे, त्याहून धोक्याचं आहे ते त्याला ऑन-एअर जायच्या घड्याळाला बांधणं. बाकीचं सगळं मी त्याच अंगाने सांगणार आहे.

इतिहासापासून सुरुवात करतो, कारण प्रत्येक अपघाताचं कारण वेगळं आहे आणि प्रत्येकातून तुम्हाला विचारायला एक प्रश्न मिळतो. शिकागोत डब्ल्यूजीएन रेडिओवर ‘फ्लाइंग ऑफिसर’ म्हणून प्रसिद्ध असलेले पोलिस अधिकारी लेनर्ड बाल्डी १९६० मध्ये हेलिकॉप्टर कोसळून गेले. लॉस एंजेलिसमध्ये केएमपीसी रेडिओचे ट्रॅफिक रिपोर्टर मॅक्स शूमाकर १९६६ मध्ये गेले, त्यांची टक्कर पोलिसांच्याच हेलिकॉप्टरशी झाली. १९६० साली सोव्हिएत हद्दीत पाडलेल्या यू-२ या हेरगिरीच्या विमानाचे पायलट फ्रान्सिस गॅरी पॉवर्स कैदेतून सुटून मायदेशी आले, पुढे लॉस एंजेलिसच्या आकाशात ट्रॅफिक आणि बातम्यांसाठी उडू लागले, आणि १९७७ मध्ये केएनबीसी टीव्हीचं जेटरेंजर हेलिकॉप्टर इंधन संपून पडलं त्यात ते आणि त्यांचे कॅमेरामन दोघेही गेले. ज्या माणसाने सत्तर हजार फुटांवरून उड्डाणं केली, त्याचा शेवट रिकाम्या टाकीने व्हावा! म्हणून मी सीटवर बसल्या बसल्या इंधन मोठ्याने सांगतो. ‘टाकीत दोन तास दहा मिनिटं, सव्वानऊला परत जमिनीवर.’ अमेरिकेच्या नियमानुसार दिवसा स्वच्छ हवेत हेलिकॉप्टरने निघताना, उतरायच्या ठिकाणी पोचून वर किमान २० मिनिटं पुरेल एवढं इंधन हवं. ही कमीत कमी मर्यादा आहे. शहरावर गोल गोल फिरणाऱ्या माणसाने तिच्यावर समाधान मानू नये. पायलटने आपणहून आकडा सांगितला नाही तर तुम्ही विचारा. आणि तो सव्वानऊ म्हणाला असेल, तर नऊ वाजून दहा मिनिटांनी स्टुडिओतून ‘अजून एकच रिपोर्ट’ अशी विनंती आली की ‘नाही’ तुम्ही म्हणा. स्टुडिओशी बोलणारा आवाज तुमचा असतो.

या धंद्यात सगळ्यात जास्त सांगितली जाते ती जेन डॉर्नेकर यांची गोष्ट. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनबीसी रेडिओच्या त्या ट्रॅफिक रिपोर्टर. एप्रिल १९८६ मध्ये त्यांचं हेलिकॉप्टर न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅक नदीत पडलं, त्यातून त्या वाचल्या आणि काही काळाने पुन्हा उडू लागल्या. २२ ऑक्टोबर १९८६ ला संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी त्या ऑन-एअर असतानाच एन्स्ट्रॉम जातीचं हेलिकॉप्टर हडसन नदीत कोसळलं. त्या गेल्या, पायलट जबर जखमी होऊन वाचला. ते रेकॉर्डिंग अजून फिरत असतं. ऐकू नका, त्यातून शिकण्यासारखं काही नाही. शिकण्यासारखं आहे ते तपासात. इंजिन आणि रोटर यांच्यामध्ये एक क्लच असतो. इंजिन बंद पडलं की त्याने रोटरला मोकळं सोडायचं असतं, म्हणजे पाती वाऱ्यावर फिरत राहतात आणि हेलिकॉप्टर ताब्यात उतरवता येतं. त्या जागी लष्करी साठ्यातला, त्या हेलिकॉप्टरसाठी न बनवलेला भाग बसवलेला निघाला, आणि त्याला वंगणही पुरेसं नव्हतं.

आता या क्लचबद्दल रिपोर्टरने काय करायचं? थेट काहीच करता येत नाही. पण हेलिकॉप्टर कोणाचं आहे, मेंटेनन्स कोण करतं, शेवटचं १०० तासांचं इन्स्पेक्शन कधी झालं, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे. बहुतेक रेडिओ स्टेशनांकडे स्वतःचं हेलिकॉप्टर नसतंच. एखाद्या ऑपरेटरकडून ते तासावर घेतात, आणि भाव पाडायची घासाघीस शेवटी कुठे जाऊन अडते ते मी वेगळं सांगायला नको. लॉगबुक दाखवा म्हटल्यावर कपाळाला आठ्या पडल्या, तर त्या आठ्या हेच उत्तर समजा. चांगला मेकॅनिक असा प्रश्न आला की खूश होतो, हातातलं काम टाकून हँगरमध्ये फिरवून आणतो.

उड्डाणाआधीच्या तपासणीचंही तसंच. नोव्हेंबर २०२२ मध्ये शार्लट शहरात डब्ल्यूबीटीव्ही या टीव्ही स्टेशनचं रॉबिन्सन आर-४४ हेलिकॉप्टर हमरस्त्याच्या कडेला पडलं, पायलट आणि हवामान सांगणारे पत्रकार दोघे गेले. सैल झालेली कंट्रोलची जोडणी उड्डाणाआधीच्या तपासणीत लक्षात आली नाही, असं तपासात निघालं. पायलट हेलिकॉप्टरभोवती फिरत असताना तुम्ही फोनवर ट्रॅफिकची माहिती गोळा करत असता, आणि मध्येच त्याला विचारता, ‘आज पुलाकडून सुरुवात करू या का?’ तेवढं करू नका. तपासणी चालू असताना त्याच्याशी बोलायचं नाही. बोलावंच लागलं तर त्याने तो टप्पा पहिल्यापासून करावा. माझ्याबरोबर वर्षानुवर्षं उडालेली एक रिपोर्टर, तपासणीसाठी उघडलेली झाकणं मी बंद करून होईपर्यंत दहा फूट लांब उभी राहायची आणि मग फक्त ‘झालं?’ एवढंच विचारायची. मी ‘झालं’ म्हटलं की मगच जवळ यायची. त्या एका शब्दामुळे मी एखाद्या झाकणावर पुन्हा हात फिरवून यायचो.

आता उंची आणि वेग. हे नीट वाचा, कारण इथे रेडिओवाल्यांचं नशीब टीव्हीवाल्यांपेक्षा चांगलं आहे आणि अर्ध्या रेडिओवाल्यांना त्याचा पत्ता नसतो.

इंजिन बंद पडलं तर पायलट लगेच कलेक्टिव्ह, म्हणजे सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलणारा दांडा, खाली करतो. हेलिकॉप्टर खाली जाऊ लागतं, खालून वर येणारी हवा पाती फिरवत ठेवते आणि जमिनीजवळ नाक उचलून, साठलेल्या फेऱ्यांच्या जोरावर उतरता येतं. याला ऑटोरोटेशन म्हणतात. आम्ही त्याचा सराव पुन्हा पुन्हा करतो आणि ते खरोखर जमतं. पण त्यासाठी हाताशी उंची हवी किंवा वेग हवा. दोन्ही नसतील, म्हणजे काहीशे फुटांवर हवेत एका जागी थांबला असाल, तर पात्यांना फिरवायला काही उरत नाही. प्रत्येक हेलिकॉप्टरच्या पुस्तकात या धोक्याच्या पट्ट्याचा आलेख असतो. रॉबिन्सनच्याच छोट्या आर-२२ ची पाती हलकी, त्यामुळे पात्यांचे फेरे झपाट्याने घसरतात. कलेक्टिव्ह खाली करायला पायलटकडे सेकंद-दीड सेकंदच असतो, आणि फेरे ८० टक्क्यांच्या आसपास आले की ते परत मिळत नाहीत. १९९५ पासून अमेरिकेत आर-२२ आणि आर-४४ उडवणाऱ्यांना वेगळं प्रशिक्षण सक्तीचं झालं, ते उगाच नाही.

टीव्हीला चित्र लागतं. कॅमेरा स्थिर हवा, म्हणून ते थांबतात, खाली येतात. रेडिओला चित्र लागत नाही! हजार फुटांवरून साठ-सत्तर नॉटने (ताशी ११०-१३० किलोमीटर) गोल फिरत तुम्हाला जे दिसतं तेवढ्यात रिपोर्ट होतो. कोणत्या लेनमध्ये ट्रक आडवा आहे, टोइंग पोचलं की नाही, मागे गाड्यांची रांग कुठल्या एक्झिटपर्यंत गेली आहे. गाडीचा रंग सांगून श्रोत्याचं काहीही भलं होत नाही. तरी स्टुडिओतून कोणीतरी हमखास म्हणतं, ‘जरा खाली जाऊन बघाल का?’ यावर माझं ठरलेलं उत्तर: ‘इथून दिसतंय.’ वाद घालायचा नाही, शिकवायचं नाही, एवढंच सांगायचं. हेच उत्तर तुम्हीही पाठ करा, कारण पायलट म्हणाला तर तो भित्रा ठरतो, रिपोर्टर म्हणाली तर विषय संपतो.

गोल फिरण्यातही एक मेख आहे. बहुतेक हेलिकॉप्टरांत पायलट उजवीकडे बसतो, तुम्ही डावीकडे. अपघात तुम्हाला नीट दिसावा म्हणून डावीकडे वळण घेतलं की पायलटला तो तुमच्या खांद्यावरून वाकून बघावा लागतो आणि डावीकडचं आकाश त्याला जवळपास दिसतच नाही. उजवीकडे वळलं तर तुम्हाला फक्त आकाश दिसतं. शिवाय अमेरिकन बनावटीच्या हेलिकॉप्टरांत मुख्य रोटर ज्या दिशेला फिरतो त्यामुळे वेग कमी असताना, वारा पाठीमागून किंवा डावीकडून असताना नाक एकाएकी उजवीकडे भिरभिरण्याचा धोका असतो. मागच्या छोट्या रोटरची पकड सुटते. गर्दीच्या जागेभोवती हळूहळू फिरणं ही तर त्याची ठरलेली परिस्थिती. म्हणून मी वाऱ्याकडे तोंड करून, वेग राखून, लांबट अंडाकृती फेऱ्या मारतो. चांगला पायलट तुम्हाला म्हणेल, ‘पुढच्या फेरीत दाखवतो.’ तेव्हा थांबा. तुमचा रिपोर्ट त्या वीस सेकंदांनी बिघडत नाही.

डाव्या वळणात डावीकडचे डोळे तुमचे. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सांगायला शिका: ‘नऊ वाजता, आपल्याच उंचीला, हेलिकॉप्टर, जवळ येतंय.’ नुसतं ‘अरे, ते बघ’ म्हणू नका, त्याचा उपयोग नाही. अपघाताची जागा म्हणजे तीन-चार हेलिकॉप्टरं एकाच चौकाभोवती. स्टेशनं एकमेकांची स्पर्धक असली तरी पायलट आपसात बोलतात. अमेरिकेत हेलिकॉप्टर ते हेलिकॉप्टर बोलायला १२३.०२५ मेगाहर्ट्झ ही फ्रीक्वेन्सी आहे, काही भागांत वेगळी ठरलेली असते. मी अमुक उंचीवर, डावीकडे फिरतोय, तू कुठे? या बोलण्यात खंड पडला की धोका वाढतो.

तो खंड कसा पडतो याचं उदाहरण फिनिक्स, २७ जुलै २००७. पोलिस एका गाडीचा पाठलाग करत होते, त्याचं चित्रण करणारी दोन टीव्ही हेलिकॉप्टरं एकमेकांवर आदळली, चार जण गेले. तपास यंत्रणेने दोन्ही पायलटना दुसरं हेलिकॉप्टर दिसलं नाही हे कारण धरलं, आणि त्याला हातभार लावणारी बाब म्हणून नमूद केलं की पायलटवरच रिपोर्टिंगची आणि खालची गाडी नजरेत ठेवायची जबाबदारी होती. शिवाय त्या भागात बातम्यांच्या उड्डाणांसाठी ठरलेली लेखी पद्धत नव्हती. मी स्वतः दोन्ही कामं केली आहेत म्हणून सांगतो: जमतं. आणि जमतं म्हणूनच ते फसवं आहे. बोलताना माणूस वाक्याच्या शेवटाकडे बघत असतो, काचेबाहेर नाही. तुमच्या ऑफरमध्ये पायलट वेगळा आणि रिपोर्टर वेगळा आहे, ही तिच्यातली सगळ्यात चांगली गोष्ट. मात्र पैसे वाचवायला उद्या ‘पायलटनेच दोन मिनिटं बोलावं’ असं ठरलं, तर तुमची सीट गेली एवढंच त्यात पाहू नका.

हेडसेटमध्ये काय चालतं ते स्टुडिओत बसून कळणार नाही. टॉवरचा, म्हणजे विमानतळावरच्या नियंत्रकाचा आवाज, हेलिकॉप्टरांची आपसातली फ्रीक्वेन्सी, पोलिस स्कॅनर, निर्मात्याचा आवाज, चालू कार्यक्रम आणि इंटरकॉमवर आम्ही दोघं. कार्यक्रमाचा आवाज तुमच्याकडे येताना त्यातून तुमचाच आवाज वगळलेला असावा लागतो. नाहीतर तो क्षणभर उशिरा कानावर पडतो आणि अट्टल निवेदकही अडखळायला लागतो. पहिल्याच दिवशी ते तपासून घ्या. मग कुठला आवाज कोणाच्या कानात हे ठरवा. पायलटला कार्यक्रम ऐकू यायची गरज नसते. तुम्हाला मात्र टॉवर हळू आवाजात का होईना ऐकू यावा, म्हणजे टॉवरचं बोलणं चालू असताना तुम्ही पायलटला काही विचारणार नाही.

विमान कंपन्यांना दहा हजार फुटांखाली कॉकपिटमध्ये कामाव्यतिरिक्त बोलायला बंदी आहे. आमच्यावर तो नियम नाही, आणि आम्ही तर सगळा वेळ त्या उंचीच्या खालीच असतो. म्हणून आपला नियम आपणच करायचा. माझा असा: उडताना, उतरताना आणि विमानतळाच्या हद्दीत शिरताना लाइव्ह नाही. माझा उघडा पंजा तुमच्या समोर आला की वाक्य जिथे असेल तिथे तोडायचं. अर्ध्या शब्दावर. आणि याची कल्पना स्टुडिओला आधीच दिलेली असायची, की आम्ही गप्प झालो तर निवेदकाने काही न विचारता पुढचं घ्यायचं. ‘हॅलो, ऐकू येतंय का?’ असं चार वेळा विचारून श्रोत्यांना घाबरवायचं नाही. त्यासाठी स्टुडिओत रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांवरून लिहिलेला एक तयार रिपोर्ट पडून असावा. ज्या स्टेशनला ही व्यवस्था जड वाटते, तिथे वेळ आली की पंजाला मान मिळणार नाही.

रिपोर्ट स्वतः छोटा असतो. तीस सेकंद, फार तर मिनिट. काही स्टेशनांची वेळ वर्षानुवर्षं ठरलेली, म्हणजे लॉस एंजेलिसच्या केएनएक्स रेडिओवर दर दहा मिनिटांनी, तासाच्या पाचव्या, पंधराव्या, पंचविसाव्या अशा मिनिटाला. रस्ता, दिशा, कुठल्या एक्झिटजवळ, कुठल्या लेन, रांग कुठपर्यंत, मग दुसरा रस्ता. याच क्रमाने. नवखे आधी आगीचं वर्णन करतात आणि रस्त्याचं नाव शेवटी सांगतात. तोवर श्रोत्याची गाडी एक्झिट ओलांडून गेलेली असते. रांगेच्या शेपटाच्याही आधीचा एक्झिट सांगा, कारण वळायची संधी तिथेच आहे. कॅलिफोर्नियात ‘सिगअलर्ट’ ऐकाल: अनपेक्षित कारणाने एक किंवा जास्त लेन अर्धा तास किंवा अधिक बंद राहणार असल्या की हायवे पॅट्रोल तो जाहीर करतं. केएमपीसीच्या लॉइड सिग्मन यांनी १९५५ मध्ये पोलिसांकडून रेडिओ स्टेशनांना आपोआप इशारा पोचवणारी यंत्रणा बनवली, त्यांच्याच नावावरून तो शब्द पडला. अशा संज्ञा मनाने वापरू नयेत. वरून वाईट दिसलं म्हणून सिगअलर्ट होत नाही.

आणि वरून बघून माणसांबद्दल बोलू नका. कोण गेलं, किती जखमी, चूक कोणाची, हे हजार फुटांवरून कळत नाही. ऐकणाऱ्यांत त्या गाडीतल्या माणसाची बायको असू शकते.

दिवसाचं वेळापत्रक हे या कामातलं सगळ्यात मोठं दुखणं. सकाळची गर्दी आणि संध्याकाळची गर्दी, मध्ये पाच-सहा तास रिकामे. पहाटे तीनला उठायचं, दहाला घरी, दुपारी अडीचला पुन्हा हँगरवर. दुपारची झोप ही चैन नव्हे, ड्यूटी आहे, असं घरच्यांना पहिल्या आठवड्यातच पटवा. बातम्यांची उड्डाणं साधारणपणे ज्या नियमांखाली होतात, त्यांत पायलटच्या कामाच्या तासांवर विमान कंपन्यांसारखी मर्यादा नाही. म्हणजे काल रात्री तो दुसरीकडे उडत होता का, हे पाहणारं कोणी नसतं. तुम्ही विचारू शकता. मी कोणी विचारलं म्हणून रागावलो नाही. रागावणारा पायलट भेटला तर नोंद घ्या.

बाकी शारीरिक त्रास लवकर उरकतो. दुर्बिणीतून खाली बघत वळण घेतलं की पोट ढवळतं. दोन-तीन आठवड्यांत बहुतेकांना सवय होते, तोवर दुर्बीण बाजूला ठेवा आणि मध्ये मध्ये क्षितिजाकडे बघा. कान जपा, स्वस्त हेडसेट घेऊ नका. निघताना पाणी बेताने प्या, का ते तिसऱ्या दिवशी कळेल.

डाव्या सीटबद्दल दोन गोष्टी राहिल्या. रॉबिन्सनमध्ये डावीकडचे कंट्रोल काढता येतात. तुम्ही पायलट नसाल तर ते काढलेलेच हवेत, म्हणजे नोटपॅड अडकणं किंवा दचकून पाय पडणं हा प्रकार उरत नाही. आणि दार काढून उडत असाल तर केबिनमध्ये एकही सुटी वस्तू नको. कागद, पेन, हेडसेटचं फोमचं आवरण, काहीही बाहेर गेलं तर मागच्या रोटरकडे जाऊ शकतं. हेलिकॉप्टरकडे येताना-जाताना समोरून, पायलटच्या नजरेतून. शेपटीकडे कधीही नाही, विसरलेला फोन घ्यायलाही नाही.

नदी किंवा समुद्र ओलांडायचा असेल तर लाइफ जॅकेट अंगात घातलेलं हवं, सीटखाली ठेवलेलं नको, आणि ते बाहेर आल्यावरच फुगवायचं. हेलिकॉप्टरचं वजन वर असतं, त्यामुळे पाण्यात ते बहुधा उलटं होतं. तलावात उलटं करून बाहेर पडायला शिकवणारं एक दिवसाचं प्रशिक्षण मिळतं. ते स्टेशनच्या खर्चाने मागा. एक हात दाराच्या चौकटीवर, हालचाल थांबेपर्यंत थांबायचं, पट्टा सगळ्यात शेवटी सोडायचा, हेडसेटची वायर आधी काढायची. हे वाचून जमत नाही. मार्च २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरमध्ये उघड्या दारांनी फोटो काढायला निघालेलं हेलिकॉप्टर उतरावं लागलं आणि उलटलं, तेव्हा पायलट बाहेर पडला, पाचही प्रवासी बुडाले. त्यांना पडू नये म्हणून जे जास्तीचे पट्टे बांधले होते, ते त्यांना स्वतःहून सोडता आले नाहीत. तुम्हाला कुठलाही पट्टा घालायला दिला, तर तो डोळे मिटून, एका हाताने, तुमचा तुम्हाला सोडता येतो का हे जमिनीवरच करून बघा. सोडायला सुरी वापरावी लागते असं कोणी म्हणालं, तर तो पट्टा घालू नका.

धुकं, ढग खाली, वादळ जवळ: उड्डाण रद्द. नेमकं अशाच दिवशी ट्रॅफिक सगळ्यात वाईट असतं आणि स्टेशनला तुम्ही हव्या असता. अशा दिवशी कॅमेरे, पोलिसांची नोंद आणि श्रोत्यांचे फोन यांवर जमिनीवरून उत्तम रिपोर्ट देता येतो. तो द्यायची तयारी ठेवलीत तर ‘आज नको’ म्हणणं पायलटला सोपं जातं. माझ्या मते चांगल्या रिपोर्टरची खूण हीच.

हे काम किती वर्षं टिकेल, असंही तुम्ही विचारलं आहे. फोनवरच्या नकाशांनी गर्दी कुठे आहे ते घरबसल्या कळतं, त्यामुळे फक्त रेडिओसाठी उडणारी हेलिकॉप्टरं कमी झाली आहेत. बरीचशी टीव्हीबरोबर वाटून घेतलेली असतात किंवा ट्रॅफिकच्या बातम्या पुरवणाऱ्या एखाद्या कंपनीची असतात, आणि तीच रिपोर्टर तीन स्टेशनांवर बोलते, कधी तिन्हीकडे वेगळ्या नावाने. नकाशा रस्ता लाल करतो, लाल का झाला आणि कधी सुटेल ते वरून दिसतं. एवढ्यावर काही वर्षं निघतील. पण लिहिणं आणि जमिनीवरून ट्रॅफिकचं डेस्क चालवणं हेही शिकून ठेवा.

राहता राहिला करार. पायलट ऑपरेटरचा, तुम्ही ट्रॅफिक कंपनीच्या, प्रसारण स्टेशनचं, अशी तीन तोंडं असली की जबाबदारी मधल्या मध्ये गळते. त्यात एक ओळ लिहून घ्या: पायलट किंवा रिपोर्टर यांपैकी कोणीही एकाने नको म्हटलं तर उड्डाण होणार नाही आणि त्या दिवसाचे पैसे कापले जाणार नाहीत. दुसरं, तुमची आयुर्विमा पॉलिसी उघडून बघा. तिकीट काढून विमान कंपनीने केलेला प्रवास सोडून इतर उड्डाणं वगळणारं कलम पुष्कळ पॉलिसींमध्ये असतं. तसं असेल तर कामासाठीच्या या उड्डाणांना लागू होणारा विमा किती रकमेचा, हप्ता कोण भरणार आणि पैसे कोणाला मिळणार, हे सही करण्याआधी लेखी मागा. तोंडी आश्वासनावर जाऊ नका. आणि पहिली दोन-तीन उड्डाणं ऑन-एअर न जाता नुसती बसून करायची परवानगी मागा. स्टेशनवाले कुरकुरतील, पण देतात.